जुन्या मिनी ट्रॅक्टरचं इंजिन: काम करून घ्यायचं, बदलायचं की ट्रॅक्टरच विकायचा?

रताळ्याची काढणी भरात असताना, २०२५ च्या ऑक्टोबरात, आमच्या मिनी ट्रॅक्टरनं दम सोडला. तिथून नाताळपर्यंत घरात हाच एक विषय होता. आता सगळं मार्गी लागलंय. मी शोधत होते तेव्हा कुणी असं सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून खर्च, कागद आणि वाट बघणं, सगळं क्रमानं लिहून ठेवते.

आमचं रान बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून. लाल माती, रताळी, भात आणि वरच्या अंगाला काजू. ट्रॅक्टर साडेअठरा हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, मामंजींनी २००८ साली घेतलेला. रताळ्याच्या सऱ्या ओढायच्या, काढणीला माती उकरायची, काजूच्या ओळींतून रोटाव्हेटर फिरवायचा, ही त्याची कामं. मोठा ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, पण तो काजूच्या ओळीत वळत नाही. त्यामुळं हे लहान यंत्र बंद पडलं की आमची सगळी कामं खोळंबतात.

लक्षणं वर्षभर दिसत होती. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ, सिलिंडर गरम करणारा ग्लो प्लग दोनदा तापवावा लागायचा. चढाला निळसर धूर. ऑइलची पातळी दर आठ-दहा तासांनी उतरलेली. इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीजवळ हात धरला की धापा लागल्यासारखी हवा बाहेर यायची. ऑक्टोबरात मात्र भरल्या रोटाव्हेटरला इंजिन दबू लागलं, आणि मग एके सकाळी चालूच होईना.

सल्ले लगेच आले. भावजी म्हणाले, नवीनच घ्या, आता जीएसटी कमी झालाय. ते खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या ह्यांचं म्हणणं, जुन्या बाजारातून चालू स्थितीतलं इंजिन आणून बसवू, आठवड्यात काम संपेल. मामंजी काही बोलले नाहीत, पण ट्रॅक्टर विकायचा विषय निघाला की उठून परड्यात जायचे.

आमचे मेस्त्री गावातलेच. त्यांनी येऊन एकच वाक्य सांगितलं, "वहिनी, धूर बघून कोण काय ठरवतंय? आधी मोजूया, मग बोलूया." पुढं सगळं त्याच वाक्यानं चाललं.

पहिलं मोजमाप कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचं. इंजिन न खोलता हे होतं, आणि आमच्याकडं याला सातशे रुपये लागले. डिझेल फवारणारा नोझल काढून त्या भोकात दाब मोजायचा गेज बसवायचा आणि स्टार्टरनं इंजिन फिरवायचं. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. चांगल्या स्थितीतल्या अशा लहान डिझेल इंजिनात चौरस सेंटिमीटरला साधारण २८ ते ३० किलो दाब मिळतो. आमचे तीन आकडे २४, १७ आणि १८ आले. मग मेस्त्रींनी कमी आलेल्या दोन सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. १७ चा झाला २३. ऑइलनं फट भरली आणि दाब वाढला, याचा अर्थ दोष पिस्टनभोवतीच्या रिंग आणि सिलिंडरचं आतलं अस्तर, म्हणजे लाइनर, यांच्याकडं. दाब तसाच राहिला असता तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, गॅसकेटकडं बोट गेलं असतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी नव्हतं आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, म्हणजे गॅसकेट शाबूत होतं.

कुणी धूर बघून "फुल इंजिन काम" सांगितलं, तर आधी ही चाचणी मागा. हाफ इंजिन म्हणजे पिस्टन, रिंग, लाइनर आणि हेडचं काम. फुल इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा, आणि सगळी बेअरिंगं येतात. दोन्हींत वीस-पंचवीस हजारांचा फरक पडतो.

याच आठवड्यात मेस्त्रींनी बाकीचा ट्रॅक्टर तपासला. मला वाटतं, लोक हेच विसरतात. इंजिनावर पैसे घालायचे ते उरलेलं यंत्र धड असेल तरच. गिअरबॉक्सचं ऑइल काढून त्यात लोखंडाचे कण आहेत का बघितलं, बारीक कीस सोडून काही नव्हतं. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून, रोटाव्हेटर वर उचलून शेडमध्ये ठेवला आणि सकाळी रोटाव्हेटर किती खाली आलाय ते मोजलं. चार बोटं. हायड्रॉलिकचं काम तूर्त नको, असं मेस्त्रींनी सांगितलं. मागचे टायर २०२३ मध्ये बदललेले, क्लच प्लेट त्याच्या आदल्या वर्षी. अंग चांगलं होतं.

दिवाळी आली आणि सगळं थांबलं. नंतर १ नोव्हेंबर. त्या दिवशी शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन, दुकानं बंद. बेळगावात यंत्राचं काम काढायचं तर हे दिवस धरूनच हिशोब करा. रताळ्याची काढणी आम्ही भाड्याच्या बैलजोडीवर आणि माणसांवर उरकली. मजुरी वाढली, पण दर हातचा गेला नाही.

या रिकाम्या दिवसांत मी कागद बाहेर काढले, आणि इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला असतो. ब्लॉक तोच ठेवून आतलं सगळं नवीन केलं, क्रँकसुद्धा बदलला, तरी नंबर तोच राहतो आणि आरसीला हात लावावा लागत नाही. दुसरं इंजिन बसवलं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं, इंजिन बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत मालकानं नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, आरसी आणि फी देऊन नवी नोंद करून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवायचा, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडकतो. आमची नोंदणी बेळगावची, केए-२२. आरटीओ कार्यालयात विचारल्यावर खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं: नव्या इंजिनाचं नंबरासहित पक्कं बिल हवं, ट्रॅक्टर तपासणीला आणावा लागेल. जुन्या बाजारातलं इंजिन असेल तर ते कुठल्या वाहनातून निघालं याचा कागद हवा. ह्यांनी जे इंजिन बघून ठेवलं होतं, त्याचा विक्रेता पन्नास हजार मागत होता आणि बिल द्यायला तयार नव्हता. त्या दिवशी तो पर्याय संपला. कागद नसलेलं इंजिन कितीही चांगलं वाजलं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

आरसी नीट वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. ट्रॅक्टरचं कर्ज फिटून अकरा वर्षं झाली होती, पण बँकेचा बोजा आरसीवर तसाच होता. बोजा असताना इंजिन बदलायचं तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते, आणि विकायचं तर बोजा उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे तीनपैकी दोन वाटा या एका ओळीनं अडवल्या होत्या. कर्ज दिलेली बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. जुन्या खात्याचा नंबर मामंजींच्या ट्रंकेतल्या पासबुकात सापडला, त्यावरून नव्या शाखेनं खातं शोधलं. ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रतींवर सही-शिक्का मिळायला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी आरसी आजच काढून बघा. गरज नसताना हे काम निवांत होतं, गरजेच्या वेळी तेच डोक्याला ताप होतं.

नवीन ट्रॅक्टरचाही हिशोब केला. जीएसटी उतरल्यावरही आमच्या ताकदीचा मिनी ट्रॅक्टर साडेतीन लाखांच्या पुढं जात होता, अवजारं वेगळी. अनुदानासाठी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात गेले. कर्नाटकात त्यासाठी फ्रूट्स या सरकारी शेतकरी नोंदणीचा क्रमांक लागतो आणि तो उताऱ्यावरच्या नावाला जोडलेला असतो. आमचा उतारा मामंजींच्या नावावर, म्हणून अर्ज त्यांच्याच नावे. वय अठ्ठ्याहत्तर, बोटांचे ठसे आधारच्या मशीनवर उमटेनात, शेवटी ओटीपीवर काम झालं. अर्ज कन्नडमध्ये. मला वाचता येतं, लिहिताना अडखळते, पण तिथल्या मुलीनं शेजारी बसवून भरून घेतला. तिनं स्पष्ट सांगितलं की यादीत नाव लागायची तारीख सांगता येणार नाही, आणि मंजुरीआधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. हद्दीपलीकडं आमचा एक तुकडा चंदगड तालुक्यात आहे. त्याचा सातबारा इथं चालत नाही, ती वाट महाराष्ट्राच्या महाडीबीटी या अनुदानाच्या पोर्टलवरून जाते. दोन राज्यांत रान असणाऱ्यांनी हे आधीच वेगळं धरावं. अनुदानाचा अर्ज आम्ही देऊन ठेवला, पण त्याच्या भरवशावर उन्हाळी कामं थांबवणं शक्य नव्हतं.

कंपनीच्या डीलरकडं कोरं इंजिन मागवता येत होतं. किंमत दीड लाखाच्या आसपास, यायला महिनाभर, वर आरसीचा सोपस्कार. चालू स्थितीतला आमचा ट्रॅक्टर बाजारात दीड-पावणेदोन लाखांना गेला असता, बंद असताना ऐंशी हजार मागत होते. दीड लाखाच्या यंत्रात दीड लाखाचं इंजिन घालणं मला पटलं नाही.

राहिला इंजिन खोलायचा पर्याय. मेस्त्रींशी आधीच बोलून ठरवलं: खोलायचं, धुवायचं, मापं घ्यायची आणि थांबायचं. मापं हातात आल्याशिवाय एकही पार्ट विकत आणायचा नाही. ब्लॉकला किंवा क्रँकला तडा निघाला तर काम तिथंच बंद, मेस्त्रींची खोलाईची मजुरी तीन हजार द्यायची आणि ट्रॅक्टर आहे तसा विकायचा. हे एका वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. मेस्त्री जरा अवघडले, पण म्हणाले, "असूदे, चांगलंच आहे की, माझ्याही डोक्याला ताप नाही."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन उतरवलं. खोलताना प्रत्येक बेअरिंग आणि पिस्टन कुठल्या सिलिंडरचं ते डब्यावर लिहून ठेवलं, मोबाईलवर फोटो काढले. जोडताना त्या फोटोंचा फार उपयोग झाला.

लाइनरच्या वरच्या काठाला, जिथं रिंग पोचत नाही तिथं, नखाला अडणारी पायरी तयार झाली होती. मेस्त्रींनी माझं बोट धरून तिथून फिरवलं. खालचा भाग गुळगुळीत, ऑइल धरून ठेवायला मुद्दाम पाडलेल्या होनिंगच्या तिरक्या रेषा पार पुसलेल्या. मग त्यांनी क्रँकचं बेअरिंग उलटं करून कापडानं पुसलं आणि उजेडात धरलं. पाठीवर ०.२५ असा शिक्का होता. म्हणजे बेअरिंग ०.२५ मिलिमीटर बारीक केलेल्या क्रँकचं, हा क्रँक आधी एकदा घासलेला. मामंजींना विचारल्यावर आठवलं, २०१५ च्या सुमारास ऑइल कमी पडून एकदा आवाज आला होता, तेव्हा काम केलं होतं. त्या शिक्क्यामुळं पुढचा प्रश्न कळला: क्रँक अजून एकदा घासता येईल का?

ब्लॉक, क्रँक आणि हेड पिकअपमध्ये घालून उद्यमबागेत नेलं. खानापूर रस्त्यावरची ही वसाहत बेळगावची यंत्रांची गल्ली. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही हे काम उत्तम होतं, निपाणीकडच्या लोकांना ते सोयीचं पडेल. आम्ही गेलो त्या शॉपमधल्या अण्णांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि क्रँकपिन, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, आडवी-उभी दोन्हीकडून मोजायला लावली. दोन मापांत ०.०४ मिलिमीटरचा फरक. गोल असायला हवी ती पिन लांबट झाली होती. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वरच्या बाजूला मूळ मापापेक्षा ०.२० मिलिमीटरनं मोठा. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज घातला, मधोमध हलकासा खोलगट. मग तड्यांची चाचणी. क्रँकला चुंबक लावून त्यावर बारीक लोहकणांचं द्रावण सोडतात, तडा असेल तिथं कण रेष धरतात. ती दहा मिनिटं मी जागची हलले नाही. रेष उमटली नाही. अण्णा म्हणाले, "०.५० ला जातोय आरामात. या मापाचं बेअरिंग बाजारात मिळतंय का ते आधी बघा, मगच मी दगड लावतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. आधी पार्ट हातात, मग ग्राइंडिंग. घासून ठेवलेल्या क्रँकला बेअरिंग मिळालं नाही तर तो नुसता लोखंडाचा तुकडा.

संध्याकाळी घरी बसून आकडे मांडले. मेस्त्रींचा अंदाज पंचावन्न हजारांचा होता. ब्लॉक धड, क्रँकला तडा नाही, अंग चांगलं, आरसीला हात लावायचा नाही. ह्यांनीच शेवटी सांगितलं, "कर काम." मामंजी ऐकत होते. सकाळी ते मेस्त्रींच्या आधी शेडमध्ये जाऊन बसले होते.

पार्ट यायला डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला. खर्च असा झाला: लाइनर-पिस्टन-रिंगचं किट १७,४००, मेन आणि बिगएंड बेअरिंग ५,२००, गॅसकेट सेट २,९००, ऑइल पंप ३,१००, व्हॉल्व्ह, गाइड आणि सील ४,३००. मशीन शॉपचं बिल ११,८००, त्यात क्रँक घासणं, तिन्ही लाइनर प्रेसवर बसवून बोअर आणि होनिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट. तीन नोझल आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन ६,५००. मेस्त्रींची मजुरी १२,०००. रेडिएटर आतून साफ करणं १,४००. होज, बेल्ट, ऑइल, फिल्टर ३,६००. एकूण ६८,२००. अंदाजापेक्षा पाव हिस्सा जास्त. ऑइल पंप आणि नोझल अंदाजात नव्हते. तुम्हीही तेवढे वेगळे काढून ठेवा.

या खर्चात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो होज, काही शेकड्यांचा. एअर क्लिनरपासून मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाच्या हवा घ्यायच्या वाटेला, जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या मागं, चीर होती. वरून दिसायची नाही. फिल्टरच्या पुढं चीर म्हणजे आमची लाल धूळ न गाळता थेट सिलिंडरमध्ये. इंजिन झिजलं ते यामुळं, असं मेस्त्रींचं मत, आणि नळीच्या आतला लाल थर बघून मलाही ते पटलं. ही नळी न बदलता नवं कोरं इंजिन बसवलं असतं, तर तेही असंच खलास झालं असतं. इंजिन काढण्याआधी ते कशानं गेलं याचं उत्तर मेस्त्रींकडून घ्या.

जोडणीत मेस्त्रींनी हेडचे बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून आवळायच्या पान्यानं, मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. रिंगांची तोंडं एकाखाली एक येणार नाहीत अशी फिरवून ठेवली. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरनं इंजिन फिरवलं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग डिझेल सोडलं. नाताळच्या आदल्या दिवशी पहिल्या झटक्यात इंजिन धरलं. थोडा पांढरा धूर, पाच मिनिटांत तोही गेला. मामंजींनी सीटवर बसून ॲक्सिलरेटर हलकेच वाढवला, आणि मला खूप दिवसांनी बरं वाटलं.

पहिले पन्नास तास इंजिन बसवण्याचे. नुसतं उभं चालू ठेवायचं नाही, त्यानं रिंगा लाइनरला बसत नाहीत आणि बोअर चकचकीत होतो. हलकं काम द्यायचं, वेग बदलत राहायचा, पूर्ण ताकद मागायची नाही. आम्ही रिकामी ट्रॉली ओढली, काजूच्या ओळींत रोटाव्हेटर वरच्या वर फिरवला. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलला, हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळले, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावले. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चकाकी होती, नवीन कामात ती येते, जाड कण नव्हते. त्याला आणखी २,१०० लागले. आता दहा तासांत ऑइलची पातळी हलत नाही.

फॉर्म ३५ आरटीओमध्ये दिला होता, बोजा उतरलेली आरसी फेब्रुवारीत पोस्टानं आली. नोंदणीची पहिली पंधरा वर्षं २०२३ मध्ये संपली तेव्हा पाच वर्षांचं नूतनीकरण केलं होतं, पुढचं २०२८ मध्ये. त्याचा फॉर्म २५ मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत द्यायचा असतो. मशीन शॉपची मापं, पार्टांची बिलं आणि क्रँक आता ०.५० वर आहे ही नोंद मी त्याच फाइलीत लावली आहे, म्हणजे पुढच्या वेळी जो कुणी इंजिन खोलेल त्याला बेअरिंगची पाठ पुसून बघावी लागणार नाही.